डिस्ने वर्ल्डला जायचंय, पण दमून परत यायचं नाहीये. काय करावं?

दोन_पिल्लांची_आई

नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटी आम्ही सहा जण ऑर्लँडोला चाललोय. मी, नवरा, ९ वर्षांची लेक, ४ वर्षांचा मुलगा, साबा (सासूबाई) आणि साबु (सासरेबुवा). चार दिवसांत चार पार्क असा बेत आहे: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. हॉटेल डिस्नेच्या हद्दीबाहेरचं आहे, गाडी भाड्याने घेतली आहे. नवरोबांनी एक्सेल शीट बनवली आहे. त्यात सकाळी साडेसातपासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन आहेत. ती उघडली की मला जांभया येतात.

जाऊन आलेला प्रत्येक जण एकच सांगतो, "मजा आली हो, पण नंतर आठवडाभर अंगात त्राण नव्हतं." कोणत्या राइड्स घ्याव्यात ते विचारत नाहीये, त्या याद्या नेटवर ढिगाने आहेत. चार वर्षांचं पोर आणि सत्तरीतले आजोबा एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, कुणीही न रडता कसे टिकतात, ते सांगा. साबुंना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. तशी तब्येत ठणठणीत, रोज तासभर फिरतात. व्हीलचेअरचं नुसतं नाव काढलं तर दुपारचं जेवले नाहीत.

---

कडीपत्ता७

एक्सेल डिलीट करा. धागा संपला. :)

---

हिशेबनीस

एक्सेलवाल्यांचा निषेध करणाऱ्यांचा निषेध. शीट वाईट नाही, तिच्यात रिकामे चौकोन नाहीत ते वाईट.

पहिला मुद्दा तिकिटाचा. चार दिवसांचं तिकीट सलग चार दिवस वापरावं लागतं असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. पहिल्या तारखेपासून ७ दिवसांच्या आत कोणतेही चार दिवस वापरता येतात. म्हणजे दोन दिवस पार्क, एक दिवस लोळणे, पुन्हा दोन दिवस पार्क असं आरामात बसतं. मधल्या दिवसाला तिकिटाचा खर्च शून्य. हॉटेलची एक रात्र वाढेल, ती वाढू द्या. चार दिवस सलग केलेत तर चौथ्या दिवशी तुम्ही पैसे देऊन सावलीत बसायला जाणार आहात.

दिवस वाढतील तसा तिकिटाचा दर दिवसामागे उतरत जातो, त्यामुळे "पैसे दिलेत, आता सगळं वसूल करा" हा हट्टसुद्धा हिशेबात बसत नाही. सगळ्यात महाग पहिला दिवस असतो, शेवटचा स्वस्त. शेवटचा अर्धा सोडून दिलात तरी काही बुडत नाही.

---

साखरझोपे

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. माझी भर एवढीच, की दुपारी पार्कमध्ये थांबायचंच नाही. दार उघडताना आत, साडेबाराला बाहेर, हॉटेलवर जेवण, झोप, स्विमिंग पूल, आणि पाच-साडेपाचला परत. सकाळचे पहिले दोन तास रांगा सगळ्यात लहान असतात आणि संध्याकाळी ऊन उतरलेलं असतं. मधला वेळ म्हणजे गर्दी, घाम आणि भांडणं. तो वेळ एसीत घालवायचा. आमच्याकडे हा नियम कुणी मोडत नाही.

---

पायवाट

@साखरझोपे, तुम्ही डिस्नेच्या हॉटेलात राहत असणार. धागाकर्ती बाहेर राहणार आहे, आणि तिथेच हा सल्ला गडबडतो.

मॅजिक किंगडमचं पार्किंग पार्कच्या दारात नाही. गाडी लावायची, ट्रामने किंवा चालत ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटरला यायचं, तिथून मोनोरेल नाहीतर फेरीबोटीने तळं ओलांडायचं, मग दार. हे सगळं दुपारी उलटं करायचं, मग गाडी चालवत हॉटेल, मग लिफ्ट, मग खोली. तोवर धाकटा गाडीत झोपलेला असतो आणि खोलीत नेताना जागा होतो. दीड तासाच्या विश्रांतीसाठी दोन तासांचा प्रवास, आणि संध्याकाळी तो सगळा व्याप पुन्हा. इतक्या यातायातीपेक्षा आत एसीत बसलेलं परवडतं.

माझा पर्याय: बाहेर राहणाऱ्यांनी मॅजिक किंगडमच्या दिवसाचा एकच तुकडा निवडावा. सकाळ ते तीन, किंवा चार ते रात्र. दोन्ही नको. बाकी तीन पार्कांचं पार्किंग दारासमोर आहे, तिथे दुपारची फेरी जमू शकते.

---

साखरझोपे

@पायवाट, मुद्दा मान्य. पण "चार ते रात्र" म्हणजे सकाळच्या रिकाम्या रांगा गेल्या की हातच्या.

---

पायवाट

गेल्या तर गेल्या. सगळंच हवं असणं हेच तर दमण्याचं मूळ आहे ना?

---

कडीपत्ता७

इथे दोघांचं भांडण बघून मीच दमलो.

---

मोगऱ्याचा_वेल

एक वेगळा कोन. तुम्ही कुठून निघताय ते लिहिलं नाहीये. कॅलिफोर्नियाच्या बाजूने येणार असाल तर ऑर्लँडोचे सकाळचे सात म्हणजे तुमच्या शरीराचे पहाटेचे चार. सगळे लेख "दार उघडायच्या आधी पोचा" असं कानीकपाळी ओरडतात. ते पूर्वेकडच्यांसाठी ठीक आहे. पश्चिमेकडून आलेली पोरं पहाटे चारला उठवून, कपडे चढवून रांगेत उभी केली की अकराला रडारड ठरलेली. उलट रात्री दहापर्यंत ती टणाटण उड्या मारतात, कारण त्यांच्या लेखी सातच वाजलेले असतात. आम्ही सकाळचा नाद सोडला आणि संध्याकाळवर भर दिला, तेव्हा घरात शांतता आली.

पूर्वेकडून येणार असाल तर हे सगळं उलट वाचा.

---

दोन_पिल्लांची_आई

@मोगऱ्याचा_वेल, सिअ‍ॅटलहून. म्हणजे तीन तासांचा फरक आम्हालाही आहेच! हा विचार शीटमध्ये कुठेच नाही. साबा-साबु मात्र कुठल्याही टाइमझोनमध्ये पाचला उठतात आणि चहा मागतात.

---

पांढरा_कोट

बीपीच्या गोळ्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. तुमच्या डॉक्टरांना विचाराल तेच अंतिम, पण विचारायचं काय ते सांगतो.

आजोबा रोज तासभर फिरतात म्हणून पार्क झेपेल, हे गणित तितकं सरळ नाही. चालणं आणि उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. रांगेत मुंगीच्या गतीने सरकताना ते काम जवळजवळ बंद पडतं, रक्त पायांत साठतं. त्यात उष्णतेने त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढतात, काही रक्तवाहिन्या सैल करतात. हे सगळं एकत्र आलं की माणूस उभ्या उभ्या भोवंडतो. "मी तर रोज चालतो" म्हणणाऱ्यांनाच याचं जास्त आश्चर्य वाटतं.

म्हणून जायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: उन्हात दिवसभर असताना गोळीची वेळ किंवा मात्रा बदलायची का, पाणी किती, मीठ किती. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. रांगेत टाचा वर-खाली करत राहायला सांगा, त्याने फरक पडतो.

ऑर्लँडोत जूनच्या शेवटी दुपारचं तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअसला जातं. आकडा ऐकून आपल्याला "हॅ, एवढंच?" वाटतं. पण हवा दमट असते. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही.

लहान मुलाचंही ऐका. चार वर्षांची पोरं "मला उष्मा होतोय" असं सांगत नाहीत. आधी किरकिर करतात, मग एकदम गप्प होतात. गप्प झालेलं पोर जास्त काळजीचं. आणि स्ट्रोलरवर सावलीसाठी जाड पंचा किंवा ओढणी पूर्ण पसरू नका. आत वारा खेळत नाही आणि बाहेरच्यापेक्षा जास्त उकाडा साठतो.

---

खारुताई

प्रतिसाद वाचून ठेवलाय, धन्यवाद डॉक्टर.

पाण्याबद्दल: पार्कमधल्या ज्या काउंटरवर सोड्याचं मशीन असतं, तिथे बर्फाचं थंड पाणी फुकट मिळतं. काही विकत घ्यावं लागत नाही, रांगेत जाऊन "आइस वॉटर" म्हणायचं. बाटल्यांचा भार वाहून खांदे मोडण्यापेक्षा एक रिकामी बाटली न्या आणि भरत राहा. खाणंही घरचं नेता येतं. काचेच्या बाटल्या आणि सुटा बर्फ मात्र चालत नाही, बर्फाच्या जागी जेल पॅक ठेवा.

जेवणाचं एक सांगते. साडेबारा ते दीड काउंटरवर जी झुंबड उडते, तिथे भुकेलं पोर घेऊन ताटकळणं म्हणजे शिक्षा. अकराला जेवून घ्या. साबांना "अकराला कोण जेवतं?" असं वाटेल, त्यांना नाश्ता म्हणून सांगा.

---

साबा_नव्हे_आई

मी त्या "साबा" वयोगटातली आहे, म्हणून बोलते. व्हीलचेअरचं नाव काढल्यावर तुमचे सासरे का रुसले ते मला कळतं. पोरांसमोर, नातवंडांसमोर ढकलत नेलेलं कुणाला आवडतं? खुर्चीत बसलं की लोक आपल्याशी बोलायचं सोडून खुर्ची ढकलणाऱ्याशी बोलतात. "त्यांना काय हवंय?" असं विचारतात. मी तिथेच बसलेली असते!

आमच्या मुलाने शहाणपणा केला. "बाबा, तुमच्यासाठी" असं म्हणालाच नाही. म्हणाला, "सामान ठेवायला एक खुर्ची घेऊ." सकाळभर त्या खुर्चीत पिशव्या बसल्या. दुपारी पिशव्या मांडीवर आल्या आणि खाली हे बसले. कुणी काही बोललं नाही.

हँडल असलेली विजेवरची गाडी भाड्याने मिळते ती त्यांना आणखी आवडेल. स्वतः चालवायची असते, कुणी ढकलत नाही. आमच्याकडे नंतर तिच्यावरून उतरवणं अवघड झालं होतं.

---

तिरकस

म्हणजे आजोबांना गाडी, धाकट्याला स्ट्रोलर, आणि बाबा ओझ्याचा बैल. मोठ्या मुलीने काय घोडं मारलंय?

---

खारुताई

@तिरकस, थट्टा केलीत पण मुद्दा खरा आहे. नऊ वर्षांचं मूल "मोठं" म्हणून सगळ्यात जास्त ताणलं जातं. बसायला काही नाही, कडेवर कुणी घेत नाही, वर "तू तरी शहाण्यासारखी वाग". एका दिवसात वीस हजार पावलं तिथे सहज होतात. तिला दर दोन तासांनी बसवा, ती म्हणाली नाही तरी.

---

उंटावरून_शेळ्या

@साबा_नव्हे_आई, प्रतिसाद फार आवडला.

एक गैरसमज दूर करतो. व्हीलचेअर घेतली की रांग वाचते असं इथे काही लोक ठासून सांगतील. बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल अशाच बांधल्यात, त्यामुळे तीच रांग आणि तेवढाच वेळ. खुर्ची पायांसाठी असते. ज्यांना रांगेतून सूट हवी त्यांच्यासाठी डीएएस (डिसेबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस) नावाची वेगळी सोय आहे. २०२४ मध्ये तिचे नियम पुष्कळ कडक झाले, आणि ती ज्येष्ठांच्या गुडघ्यांसाठी नाही.

रांग वाचवायचा सरळ मार्ग म्हणजे लायटनिंग लेन मल्टी पास, म्हणजे जादा पैसे देऊन राइड्सच्या वेळा राखून ठेवायचे पास. जुलै २०२४ पासून ते आधीच घेता येतात. डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना ७ दिवस आधी, तुमच्यासारख्या बाहेरच्यांना ३ दिवस आधी. सुरुवातीला तीन राइड्सच्या वेळा मिळतात. दर तारखेनुसार आणि पार्कनुसार बदलतो. सहा जणांचा आकडा बघून नवरोबांना भोवळ येईल, डॉक्टरांचा प्रतिसाद तेव्हा पुन्हा वाचा.

माझं मत: चारही दिवस घेऊ नका. मॅजिक किंगडमला घ्या, कारण तिथे राइड्सची संख्या जास्त आहे. आणि हॉलीवूड स्टुडिओजला, कारण तिथे रांगांचा कहर असतो. अ‍ॅनिमल किंगडमला सकाळी पोचलात तर बहुतेक गरज पडत नाही.

---

पायवाट

अ‍ॅनिमल किंगडमवरून आठवलं. दमणूक टाळायला तोच सगळ्यात सोयीचा दिवस आहे. इतर पार्कांच्या मानाने लवकर बंद होतं, सफारीतले प्राणी सकाळी जास्त हिंडताना दिसतात, दुपारी तेही आपल्यासारखे सावलीत पसरतात. सकाळी सफारी, मग "फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग": अर्धा तास बसून, एसीत. दोनला घरी. पहिला दिवस हाच ठेवा, अंगाला सवय होते.

---

रविवारची_कविता

कुणीच आईबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहिते.

आमच्या घरी ठरल्यासारखं होतं. नवरा रात्री म्हणायचा, "छान झाला दिवस, मला तर काही थकवा नाही." कसा येईल? सनस्क्रीन कुणाला लावलं, कुणाला दीड तास झाला आता परत लावायचं, धाकट्याला शू कधी झाली, टोपी कुठल्या बाकावर राहिली, सासऱ्यांची गोळी, पुढच्या राइडची वेळ, फोनची बॅटरी. हे सगळं एकाच डोक्यात. पाय दुखतात ते बाम लावून थांबतात. डोकं थांबत नाही.

आता आम्ही दिवस वाटून घेतो. ज्याचा दिवस, त्याच्या हातात फोन, त्यानेच वेळा बघायच्या, त्यानेच "आता कुठे?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं. दुसऱ्याने नुसतं मागे चालायचं आणि उगाच सल्ले द्यायचे नाहीत. शेवटची अट सगळ्यात अवघड आहे. माझ्या "मागे चालण्याच्या" दिवशी मी पहिल्यांदा आतषबाजी खरोखर पाहिली, कारण तेव्हा मी कुणाचं जाकीट शोधत नव्हते.

---

दोन_पिल्लांची_आई

@रविवारची_कविता, हा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलला नाही, पण शीटमध्ये "जबाबदार व्यक्ती" असा नवीन रकाना आलाय.

---

कडीपत्ता७

=))

---

एक्सेलवाला

नमस्कार. मीच तो. खास या धाग्यासाठी सभासद झालोय.

बचावाचं भाषण करत नाही. दुपारचे बारा ते चार सगळे चौकोन रिकामे केलेत. दोन शंका आहेत. १) दुपारी हॉटेलवर पूल म्हणताय, पण जूनमध्ये तिथे रोज पाऊस पडतो ना? २) मला स्पेस माउंटनमध्ये बसायचं आहे, बायकोलाही बसायचं आहे, आणि धाकटा उंचीत बसत नाही. मग दोघांनी दोनदा रांग लावायची?

---

मोगऱ्याचा_वेल

स्वागत! हिंमत आवडली.

१) बरोबर हेरलंत. फ्लोरिडाच्या एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला मेक्सिकोचं आखात. उन्हाळ्यात दोन्हीकडून समुद्राचा वारा जमिनीवर येतो, मध्ये भिडतो, आणि दुपारी ढग फुटतात. जून ते सप्टेंबर हे जवळजवळ रोजचं. पाऊस तास-दीड तासात ओसरतो, पण विजा जवळ असल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. आणि पूलसुद्धा! त्यामुळे "दुपारी तीनला पोहायला जाऊ" असं पोरांना कबूल करू नका. पूल सकाळी, किंवा दुपारी बारा-एकला. तीनला झोप.

पावसाचा फायदाही आहे. निम्मी गर्दी घरी पळते. तुम्ही प्लास्टिकचे रेनकोट आधीच घेऊन ठेवलेत आणि आतल्या एखाद्या शोमध्ये बसून राहिलात, तर बाहेर आल्यावर रांगा लहान आणि हवा जरा सुसह्य. फक्त स्ट्रोलरवर प्लास्टिक टाकून जा. भिजलेल्या गादीवर चार वर्षांचं मूल बसत नाही, मग तो स्ट्रोलर आणि ते मूल, दोन्ही तुम्हीच उचलता.

---

उंटावरून_शेळ्या

२) रायडर स्विच मागा. फुकट आहे. राइडच्या दारात सहा जण उभे राहा, कर्मचाऱ्याला सांगा. एक जण धाकट्याबरोबर बाहेर थांबतो, पहिला जाऊन येतो, मग दुसऱ्याला मूळ रांग न लावता सोडतात. स्पेस माउंटनला ४४ इंच उंची लागते, लेक बसेल. बहुतेक वेळा तिला दोघांबरोबर दोनदा बसता येतं. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच आहे, धाकट्याला घरीच भिंतीपाशी उभा करून मोजा. दारात जाऊन "तू नाही" ऐकण्याइतकं दमवणारं दुसरं काही नाही.

---

पुठ्ठ्याचा_राजा

बसून एसी खायच्या जागांची नावं कुणीच दिली नाहीत. मॅजिक किंगडममध्ये "हॉल ऑफ प्रेसिडेंट्स" आहे, तिथे एवढी शांतता असते की मी दर वेळी झोपतो. "मिकीज फिलहारमॅजिक" १२ मिनिटांचं, पोरांना आवडतं. "पीपलमूव्हर"मध्ये एसी नाही, पण सावली आणि वारा, दहा मिनिटं पाय वर. एपकॉटला "लिव्हिंग विथ द लँड" ही आतली बोट, आणि "द अमेरिकन अ‍ॅडव्हेंचर" सुमारे अर्ध्या तासाचा शो.

आणि माझं लाडकं "कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस". १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी बनलेलं, नंतर कॅलिफोर्नियाला गेलं आणि १९७५ पासून मॅजिक किंगडममध्ये. रंगमंच जागच्या जागी, प्रेक्षकांची गोलाकार बैठक त्याच्याभोवती फिरते. वीसेक मिनिटं. पोरं कंटाळतात, आजोबा खूश होतात.

---

तिरकस

शेकडो डॉलर देऊन झोपायला जागा शोधणारा धागा. जगात एकमेव असावा.

---

पुठ्ठ्याचा_राजा

@तिरकस, झोपेला दर लावत नसतात.

---

साखरझोपे

थोडं अवांतर: ज्यांना चालणं खरंच कमी करायचंय त्यांनी फ्लोरिडाऐवजी कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड बघावं. १९५५ चं मूळ पार्क, समोरासमोर दोन दारं, एका पार्कमधून दुसऱ्यात दोन मिनिटांत. चालत जाण्यासारखी हॉटेलंही पुष्कळ, त्यामुळे दुपारी झोपून येणं खरंच जमतं. डिस्ने वर्ल्ड ४० चौरस मैलांच्या आसपास आहे, एका पार्कमधून दुसऱ्यात जायलाही वाहन लागतं. सिअ‍ॅटलहून तर टाइमझोनही तोच!

---

दोन_पिल्लांची_आई

@साखरझोपे, आता सांगताय? विमानाची तिकिटं काढून झालीत. :(

---

पायवाट

एपकॉटबद्दल राहिलंच. तिथल्या तळ्याभोवती ११ देशांचे विभाग आहेत, पूर्ण फेरी सव्वा मैलाच्या आसपास, आणि दुपारी सावली बेताची. ज्येष्ठांना हा भाग सर्वांत आवडतो म्हणून लोक जेवण झाल्यावर भर दुपारी तिकडे काढतात. ती फेरी संध्याकाळी सहानंतर करा. आणि पूर्ण करायलाच हवी असं नाही. जपानपर्यंत जाऊन परत फिरलात तर मोरोक्को रुसत नाही.

---

मध्यरात्रीचा_चहा

पायांचं कुणी लिहिलं नाही. फोड येतो तो ओल्या मोज्यामुळे. घाम असो नाहीतर पाऊस, ओलं कापड घासतं. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, धावपटू वापरतात तसे सिंथेटिक मोजे घ्या. माणशी एक कोरी जोडी पिशवीत. दुपारी बाकावर बसून बूट काढा, पाय पुसा, पाच मिनिटं उघडे ठेवा, मग कोरे मोजे. वाचायला वेडेपणा वाटेल. पण तो पाच मिनिटांचा वारा बोटांमधून गेला की माणसाचा चेहरा बदलतो, मी समोर बसून पाहिलाय. सहलीसाठी नवे बूट घेऊ नका, जुने रुळलेले दोन जोड आणा आणि आलटून पालटून घाला. फोड आलाच तर प्रत्येक पार्कमध्ये फर्स्ट एड सेंटर आहे, पट्टी तिथे मिळते.

---

खारुताई

तसंच प्रत्येक पार्कमध्ये बेबी केअर सेंटर असतं. नाव बेबीचं असलं तरी चार वर्षांच्या पोराला घेऊन थंड, शांत जागेत थोडं टेकायला उत्तम.

---

दोन_पिल्लांची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापर्यंत ठरलेलं लिहिते, चुकत असेल तर सांगा.

पहिला दिवस अ‍ॅनिमल किंगडम, दोनपर्यंत. दुसरा हॉलीवूड स्टुडिओज, दुपारी हॉटेल. तिसरा पूर्ण सुट्टी, पूल सकाळी. चौथा एपकॉट, तीननंतरच. पाचवा मॅजिक किंगडम, चार ते रात्र. सकाळच्या रांगा सोडल्या, आमचा सिअ‍ॅटलचा देह तेवढ्या लवकर उठत नाही. फोन एक दिवस मी, एक दिवस तो. साबुंना "सामानाची खुर्ची" सांगितली, ते म्हणाले, "बरं, मी ढकलतो." डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

फक्त स्ट्रोलरचं कळत नाहीये. धाकटा घरी स्ट्रोलरमध्ये बसतच नाही. मग न्यायचा का? पार्कमध्ये भाड्याने मिळतो असं वाचलं.

---

हिशेबनीस

बेत मस्त. एकच बदल सुचवतो. मॅजिक किंगडम चौथ्या दिवशी आणि एपकॉट पाचव्या. ज्याची पोरांना सगळ्यात ओढ आहे ते शेवटच्या थकव्यावर ठेवू नका.

---

मोगऱ्याचा_वेल

स्ट्रोलर न्याच. घरी बसत नसला तरी तिथे बसेल. पाच-सहा वर्षांची पोरंही तिथे बसलेली दिसतात, कुणी ढुंकून बघत नाही.

---

मध्यरात्रीचा_चहा

पण पार्कमधला भाड्याचा नको. तो पार्कच्या दाराबाहेर नेता येत नाही. रात्री फटाके संपल्यावर पोर झोपलेलं असतं, दारात स्ट्रोलर परत करायचा, आणि मग फेरी, ट्राम, पार्किंग, सगळं ते झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन. नेमकं जेव्हा स्ट्रोलर सगळ्यात जास्त लागतो तेव्हाच तो नसतो.

स्वतःचा न्या किंवा शहरात बाहेरून भाड्याने घ्या. ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, यापेक्षा मोठा चालत नाही. वॅगनसारखा ओढायचाही चालत नाही. फेरी आणि मोनोरेलमध्ये उघडाच नेता येतो, पार्किंगच्या ट्राममध्ये मात्र मिटावा लागतो. म्हणून एका हाताने मिटणारा घ्या. दुकानातच एका हाताने मिटून बघा, दुसऱ्या हातात काहीतरी पंधरा-सोळा किलोचं धरून.

---

एक्सेलवाला

आमचा दोन हातांनी आणि एका पायाने मिटतो. नवीन बघतो.